जासईचे दिबा



आज मी आपल्याशी बोलणार आहे ते आमच्या उरण तालुक्यातील एका म्हाताऱ्या माणसाविषयी. त्यांना म्हातारा म्हटलेले काही जणांना रुचणार नाही. त्यांच्या नावामागे 'लोकनेते' ही पदवी लावण्याची आता रीत पडली आहे, आणि ती काही खोटी नाही. पण आमच्याकडे 'म्हातारा' हा शब्द मायेचा आहे. घरात लग्न ठरायचे असो, बांधावरचे भांडण असो की सरकारी कागद आलेला असो, ओटीवरची मंडळी म्हणतात, "आधी म्हातारा काय म्हणतो ते विचारा." शेवटची पंधरावीस वर्षे साऱ्या पंचक्रोशीने ज्यांना असे विचारले, ते दिनकर बाळू पाटील, म्हणजेच दिबा, २४ जून २०१३ रोजी पनवेलला वारले. वय होते सत्त्याऐंशी.

जूनचा शेवटचा आठवडा म्हणजे आमच्याकडे भाताची रोपे वीतभर वर आलेली असतात आणि माणसे आवणीच्या तयारीला लागलेली असतात. चिरनेर, कोप्रोलीच्या बाजूला अजून हे दृश्य दिसते. जासई, धुतुम, पागोटे या बाजूला मात्र आता रोपांऐवजी कंटेनरच्या थप्प्या दिसतात. हा जो बदल झाला, त्याची सगळी कथा दिबांच्या आयुष्याभोवती फिरते. म्हणून त्यांची आठवण काढायची तर थोडे जमिनीविषयी बोलावे लागेल. शहरातल्या श्रोत्यांनी जरा धीर धरावा.

उरण म्हणजे तिन्ही बाजूंनी पाणी. पूर्वी मुंबईला जायचे तर मोऱ्याच्या बंदरावर जाऊन भाऊच्या धक्क्याची लाँच पकडायची, तीही ओहोटीची वेळ सांभाळून. नाही तर गाळातून चालण्याची पाळी. घारापुरीची लेणी सारे जग पाहून जाते, पण ते बेट आमच्या उरण तालुक्यात मोडते हे पुष्कळांना ठाऊक नसते. इथली मुख्य वस्ती आगरी आणि कोळी. 'आगर' म्हणजे मिठाचे आगर, त्यावरून आगरी. दिवाळी झाली की भरतीचे पाणी कोंडीत घ्यायचे, उन्हात तापवीत तापवीत एका वाफ्यातून दुसऱ्यात सोडायचे आणि पाऊस येण्याआधी पांढऱ्या राशी उभ्या करायच्या. पावसाळ्यात हाच माणूस भात लावी.

आणि भात कुठे लावी? समुद्राकडून हिसकावून घेतलेल्या खाजणात. दर्यालगत मातीचा बांध घालायचा, त्याला उघाडी ठेवायची, म्हणजे ओहोटीला आतले पावसाचे पाणी बाहेर जाते आणि भरतीचे खारे पाणी आत येत नाही. दोनतीन पावसाळे मीठ धुऊन गेले की मग ती जमीन पिकू लागते. अशी खार काढायला एक पिढी खर्ची पडते. आणि एवढे करूनही उधाणाच्या भरतीला एखाद्या रात्री बांधाला खांड पडली, की एकाच्या नव्हे, सगळ्या गावाच्या शेतात दर्या शिरतो. मग पुन्हा तीन वर्षे उपास. म्हणून खांड पडल्याची हाक आली की हातात घमेले असेल ते घेऊन सारा गाव धावतो. "माझे शेत लांब आहे" असे म्हणून तिथे कोणी घरी बसत नाही. बसलाच तर पुढे त्याच्याकडे मयतालासुद्धा लोक जात नाहीत! हा खारपट्टीचा जुना कायदा, कोणी लिहून ठेवलेला नाही. दिबांचे सारे सार्वजनिक जीवन मला या खांडीच्या हाकेसारखे वाटते, म्हणून हे जरा विस्ताराने सांगितले.

त्यांचा जन्म १३ जानेवारी १९२६ चा, उरण-पनवेल रस्त्यावरच्या जासई गावचा. ते पाच वर्षांचेही झाले नव्हते तेव्हा, २५ सप्टेंबर १९३० रोजी, चिरनेरला अक्कादेवीच्या माळावर जंगल सत्याग्रह झाला. गोळीबारात आठ सत्याग्रही पडले. आगरी, कोळी, कातकरी, न्हावी असे निरनिराळ्या जातींचे आणि निरनिराळ्या गावांचे लोक त्यात होते. पुढे तीनच वर्षांनी अलिबागकडे चरी गावच्या कुळांनी खोतांच्या जमिनी कसायचे नाकारले. नारायण नागू पाटलांच्या पुढारीपणाखाली तो संप १९३३ पासून १९३९ पर्यंत चालला. सहा वर्षे नांगर खाली ठेवायचा म्हणजे काय, हे शेतकरी श्रोत्यांना वेगळे सांगायला नको. या गोष्टी तेव्हा ओटीवर रात्री रात्री चालत, आणि त्या काळातील मूल त्या ऐकतच मोठे होई.

दिबा शिकले, वकील झाले, पनवेलला वकिली करू लागले. संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीत त्यांनी तुरुंग पाहिला. १९५७ साली शेतकरी कामगार पक्षाच्या वतीने ते पनवेल मतदारसंघातून विधानसभेवर निवडून आले. पुढे एकूण पाच वेळा आमदार, १९७७ आणि १९८४ अशा दोनदा कुलाब्याचे खासदार, विधानसभेत विरोधी पक्षनेते, असा हा सगळा हिशेब पुस्तकांत सापडेल. मला त्यातले एकच साल महत्त्वाचे वाटते, ते म्हणजे १९५७.

कां, ते सांगतो. कूळ कायद्याप्रमाणे १ एप्रिल १९५७ हा 'कृषिदिन' ठरला. त्या दिवशी जो जमीन कसत होता तो कूळ कायद्याने मालक मानला गेला. किंमत हप्त्यांनी द्यायची. आमच्या भागातील कित्येक घरांत सातबाऱ्यावर मालक म्हणून आपले नाव प्रथम लागले ते या कायद्याने. आजा-पणजाने खार काढली, बापाने खोताला खंड भरला आणि मुलगा मालक झाला. दिबा विधानसभेत गेले तेही त्याच वर्षी. आणि १९७० साली, म्हणजे अवघ्या तेरा वर्षांनी, त्याच सातबाऱ्यावर भूसंपादनाची नोटीस आली. काहींचे तर खरेदीचे हप्तेसुद्धा पुरते फिटले नव्हते.

१७ मार्च १९७० रोजी सिडको स्थापन झाली. मुंबईची गर्दी कमी करण्यासाठी खाडीपलीकडे नवे शहर वसवायचे ठरले होते. ठाणे, पनवेल आणि उरण तालुक्यांतील ९५ गावांची जमीन त्यासाठी घ्यायची होती. पुढे न्हावा-शेवा बंदर आले. शहर नको होते असे मी म्हणत नाही. मुंबईत माणसाला श्वास घ्यायला जागा उरली नव्हती, आणि आमच्या मुलांनाही नोकऱ्या हव्याच होत्या. प्रश्न होता तो मोबदल्याचा. इथे मात्र शिक्षक श्रोत्यांनी कान द्यावा, कारण ही गोष्ट समजून घेतल्याशिवाय या म्हाताऱ्याचे मोठेपण कळणार नाही.

तेव्हा कायदा होता १८९४ चा, इंग्रजांनी केलेला. त्यात जमिनीची किंमत ठरवायची ती कलम ४ ची अधिसूचना निघाली त्या दिवशीच्या बाजारभावाने. आणि आणखी एक खोच होती. कलम २४ सांगे की, संपादन केल्यानंतर त्या जमिनीचा जो उपयोग होणार आहे, त्यामुळे तिची किंमत वाढणार असेल तर ती वाढ मुळीच धरायची नाही. साध्या भाषेत सांगायचे तर, उद्या इथे बंदर होणार, मोठे शहर होणार, एका गुंठ्याला सोन्याचा भाव येणार, हे सरकारला ठाऊक. पण शेतकऱ्याला पैसे मिळायचे ते खारीतल्या भातजमिनीचे. कायद्याप्रमाणे यात लबाडी कोणाचीच नाही. कलेक्टरकचेरीतला अधिकारी कलमावर बोट ठेवून निवाडा देतो, आणि तो त्याच्या जागी बरोबर असतो.

अशा वेळी बहुतेक पुढारी काय करतात? भाव वाढवून मागतात. एकराला इतके नको, तितके द्या. दिबांनीही भावाची मागणी लढविलीच. पण तेवढ्यावर ते थांबले नाहीत. जमिनीची किंमत एकदाच मिळते. ती लग्नात जाते, दुखण्यात जाते, कुणाची दारूत जाते. जमीन मात्र ज्याच्या हाती जाते त्याच्याकडे दरवर्षी वाढत राहते. तेव्हा वाढीत आम्हाला वाटा द्या, आमच्याच जमिनीतला काही भाग, रस्ते-पाणी-गटारे झाल्यावर, विकसित करून आम्हाला परत द्या, अशी ही मागणी होती. आज हे सोपे वाटते. त्या वेळी एखाद्या खेडवळ आगऱ्याने नव्या शहरात हिस्सेदारी मागावी, हे वरच्या लोकांना थट्टेचे वाटले असेल तर नवल नाही.

मग १९८४ साल उजाडले. १३ जानेवारीला दिबांना अठ्ठावन्न वर्षे पूर्ण झाली आणि तिसऱ्याच दिवशी, १६ जानेवारीला, जासईजवळ दास्तान फाट्यावर गोळीबार झाला. जमिनींचा ताबा द्यायचा नाही म्हणून गावेच्या गावे रस्त्यावर आली होती. बाया, म्हातारी माणसे, शाळकरी पोरे, सगळी. त्या दिवशी धुतुमचे नामदेव शंकर घरत आणि रघुनाथ अर्जुन ठाकूर पडले. दुसऱ्या दिवशी, १७ जानेवारीला, पागोट्याच्या बाजूला पुन्हा गोळ्या झाडल्या गेल्या. महादेव हिरा पाटील, केशव महादेव पाटील आणि कमलाकर कृष्णा तांडेल हे तिघे गेले. दोन दिवसांत पाच माणसे. दरवर्षी या दोन तारखांना जासईला आणि पागोट्याला लोक जमतात, हुतात्म्यांना मानवंदना होते.

चिरनेरच्या गोळीबारानंतर त्रेपन्न वर्षांनी, त्याच तालुक्यात, पुन्हा गोळ्या झाडल्या गेल्या. या वेळी राज्य आपले होते. हे वाक्य मी मुद्दाम जोर न देता म्हणतो आहे. ज्याचे त्याने काय ते समजून घ्यावे.

अशा प्रसंगी पुढाऱ्याची खरी परीक्षा होते. घरांत आकांत, हजारो माणसे संतापलेली, आणि त्या संतापाला वळण लावायचे. काडी लावायला अक्कल लागत नाही. आणि घरी जा म्हणून सांगायला धैर्य लागत नाही. हा लढा फुटला नाही, विझलाही नाही, आणि शेवटी कागदावर उतरला, हे मला त्या माणसाचे सर्वांत मोठे काम वाटते. त्याच वर्षाच्या डिसेंबरात लोकसभेची निवडणूक आली. इंदिरा गांधींच्या हत्येनंतरची ती निवडणूक. देशभर काँग्रेसची लाट, चारशेच्या वर जागा. त्या लाटेत आमच्या कुलाबा मतदारसंघाने मात्र दिबांना निवडून दिले. खारपट्टीतल्या माणसाला लाट अडविण्याची थोडीशी सवय असते म्हणा!

१९९० साली शासनाने साडेबारा टक्के विकसित जमीन परत देण्याचा निर्णय घेतला, आणि १९९४ साली त्यात सुधारणा केली. गुरुजी, हे गणित आपल्या सातवीच्या मुलांना अवश्य घाला. व्याज आणि नळाच्या टाकीच्या उदाहरणांपेक्षा त्यांना ते जवळचे वाटेल. एका शेतकऱ्याची एक एकर जमीन गेली. एक एकर म्हणजे चाळीस गुंठे. त्याच्या साडेबारा टक्के म्हणजे पाच गुंठे. त्यातून तीस टक्के रस्ते, शाळा, मैदाने अशा सार्वजनिक सोयींसाठी वजा. उरले साडेतीन गुंठे, म्हणजे सुमारे साडेतीनशे चौरस मीटर. चाळीसाचे साडेतीन! ऐकताना पोटात कालवते खरे. पण हे साडेतीन गुंठे शहरातले, रस्त्याला लागून असलेले, इमारत बांधता येईल असे. ज्यांनी ते राखले त्यांच्या घरात त्याने पुढची पिढी उभी राहिली. ज्यांनी चिठ्ठी हातात पडण्याआधीच दलालाला विकून टाकले, त्यांच्या घरी गाडी आली, गाडी जुनी झाली, आणि मग काहीच उरले नाही. हळदीच्या रात्री मांडवात जो खर्च आमच्याकडे होतो, त्यात किती गुंठे वाहून गेले याचा हिशेब कोणीतरी मांडायला हवा. हे मी आगरी माणसांना उद्देशून, त्यांच्याच घरातला म्हणून बोलतो. इतरांनी हसू नये.

आणि निर्णय झाला म्हणजे जमीन हातात पडली असेही नाही. बंदराच्या भागातल्या शेतकऱ्यांना इरादापत्रे देण्याचा समारंभ झाला तो १६ ऑगस्ट २०१४ रोजी. न्हावा-शेव्याचे बंदर तर २६ मे १९८९ पासूनच चालू होते. जहाजे पंचवीस वर्षे येत-जात राहिली, तेव्हा कोठे कागद आला. तोवर ज्याच्या नावावर जमीन होती तो आजा गेला, आणि वारसांची नावे लावण्यातच चुलतभावांत वैर आले. हे दुःख दिबांनी शेवटपर्यंत पाहिले.

आणखी एक बाजू आहे, ती सांगितल्याशिवाय पुढे जाणे बरे नव्हे. साडेबारा टक्क्यांचा हिशेब सातबाऱ्यावरून निघतो. ज्याचा सातबाराच नाही त्याचे काय? मिठागरावर पाट्या उचलणारी बाई, खाडीत आसू टाकून पोट भरणारा कोळी, डोंगराच्या कुशीतला कातकरी, यांचीही उपजीविका त्याच पाण्यावर आणि त्याच खाजणावर होती. त्यांच्या पदरात लहानसा तुकडा पडला तर पडला. शेवा कोळीवाड्याची माणसे बंदरासाठी उठून उरणजवळ हनुमान कोळीवाड्यात राहायला आली, आणि तिथल्या घरांना वाळवीने पोखरून काढले. खाडीचा सातबारा नसतो, बंधूंनो. समुद्र ज्याचे शेत आहे त्याला आपल्या कायद्याच्या पुस्तकात फार थोडी ओळ मिळाली आहे. दिबांच्या लढ्याचे श्रेय कमी करण्यासाठी मी हे म्हणत नाही. लढा जिथवर पोहोचला त्याच्या पुढे अजून पाऊलवाट आहे, एवढेच.

राजकारणातील त्यांच्या सगळ्याच गोष्टी सगळ्यांना पटल्या असे नाही. आयुष्यभर लाल बावट्याखाली काम केलेला माणूस १९९९ साली शिवसेनेत गेला, तेव्हा ओट्यांवर पुष्कळ चर्चा झाली. जुने सहकारी रागावले. काहींनी म्हटले, म्हाताऱ्याला काय ही बुद्धी झाली! पण गंमत अशी की जे रागावले तेच लोक नोटीस आली की पनवेलच्या त्यांच्या घरी जात. त्या घराचे नावच 'संग्राम'. माणसावर रागावून त्याच्याच दारात सल्ल्याला जाणे, हे प्रेम आपण खेड्यातच पाहतो. सभेला टाळ्या मिळविणारे पुढारी पुष्कळ होतात. असा रुसवा वाट्याला येणारे थोडे.

पक्ष, पदे, निवडणुका हे सारे विसरले तरी, कागद वाचता येणारा वडीलधारा माणूस गावाला लागतोच. म्हणून दिबांच्या निमित्ताने दोनतीन उपयोगाच्या गोष्टी सांगून टाकतो. जुन्या कायद्यात निवाडा झाल्यावर पैसे घेताना 'निषेध नोंदवून स्वीकारले' असे लिहिले नाही, तर वाढीव मोबदल्यासाठी कोर्टात जाण्याचा हक्क जाई. कलम १८ खालचा अर्ज मुदतीत द्यावा लागे. निवाड्याच्या वेळी हजर असाल तर सहा आठवडे. ज्यांनी नुसता अंगठा उठविला आणि पैसे कमरेला लावले, त्यांची वाट तिथेच बंद झाली. शेजाऱ्याला त्याच बांधाच्या पलीकडे कोर्टाने वाढवून दिले, आणि याला नाही. भाऊबंद म्हणायचे, नशीब. नशीब कसले! दोन शब्द लिहायचे राहिले, एवढेच. त्याच १९८४ सालच्या सप्टेंबरात संसदेने त्या कायद्यात दुरुस्ती करून दिलासा रकमेचा दर पंधरावरून तीस टक्क्यांवर नेला.

दिबा गेले जून २०१३ मध्ये. त्याच वर्षी संसदेने १८९४ चा तो कायदा मोडीत काढून नवा भूसंपादन कायदा केला, आणि १ जानेवारी २०१४ पासून तो अमलात आला. एकशेवीस वर्षांचा जुना कायदा गेला तो म्हाताऱ्याच्या मागून अवघ्या सहा महिन्यांनी. नव्या कायद्यात ग्रामीण भागातील जमिनीला बाजारभावाच्या चौपटीपर्यंत मोबदला येऊ शकतो. खासगी कंपनीसाठी जमीन घ्यायची तर ऐंशी टक्के, आणि सरकार व कंपनी यांच्या भागीदारीसाठी सत्तर टक्के बाधित कुटुंबांची आधी संमती लागते. आणि त्याच्या दुसऱ्या अनुसूचीत एक ओळ आहे: शहर वसविण्यासाठी जमीन घेतली तर विकसित जमिनीतील वीस टक्के भाग जमीनमालक कुटुंबांसाठी राखून, संपादन आणि विकासाचा खर्च घेऊन, त्यांना देऊ करायचा. ही ओळ मी प्रथम वाचली तेव्हा जासई-धुतुमची माणसे डोळ्यांपुढे आली. तिची मांडणी दिल्लीत कोणी केली असेल ती असो. जमीन जाताना वाढीत वाटा मागायचा, हे बोलणे आमच्याकडे तीस वर्षे आधी रस्त्यावर झाले होते, आणि त्याची किंमत पाच जणांनी मोजली होती. नव्या मुंबईच्या विमानतळासाठी तर साडेबावीस टक्क्यांचे पॅकेज ठरले. बारा, वीस, बावीस, असा हा आकडा वर चढत गेला.

विमानतळाचा विषय निघालाच आहे. त्याला दिबांचे नाव द्यावे म्हणून १० जून २०२१ रोजी या भागातल्या लोकांनी मानवी साखळी केली, आणि २४ जूनला, त्यांच्या आठव्या स्मृतिदिनी, बेलापूरला सिडको भवनावर मोठा मोर्चा गेला. करोनाचे दिवस, पावसाचे दिवस, आणि तरीही तरुण पोरे मोठ्या संख्येने आली होती. यांतल्या कित्येकांचा १९८४ साली जन्मही झाला नव्हता. पुढे २०२२ मध्ये मंत्रिमंडळाने आणि विधिमंडळाने त्या नावाचा ठराव करून तो केंद्राकडे पाठविला. ८ ऑक्टोबर २०२५ रोजी विमानतळाचे उद्घाटन झाले. ज्यांची नांगरट होती तिथून आता विमाने उडतात. मला स्वतःला विचाराल तर, नाव लागावे असे मनापासून वाटते. पण विमानातून उतरणाऱ्या पाहुण्याने "हे पाटील कोण?" असे टॅक्सीवाल्याला विचारले, आणि तो टॅक्सीवाला आमच्याच गावचा असूनही त्याला दोन वाक्ये सांगता आली नाहीत, तर काय करायचे? ही भीती मला पाटीपेक्षा मोठी वाटते.

कारण काळ भराभर पुढे जातो आहे. १२ जानेवारी २०२४ ला एकाच दिवशी शिवडीहून समुद्रावरून येणाऱ्या अटल सेतूचे उद्घाटन झाले, आणि उरणपर्यंत लोकलही आली. चिर्ल्याला पुलाचा पाय टेकतो. मोऱ्याच्या लाँचची वाट पाहत गाळात उभी राहणारी पिढी आता मुंबईला वीस-पंचवीस मिनिटांत पोहोचते. चांगलेच आहे. पण एवढ्या वेगात कोण कोणाला गोष्ट सांगणार?

म्हणून गुरुजनहो, माझी विनंती आपल्याला आहे. दास्तान फाट्यावर १९८४ साली जी विशीतली पोरे होती, ती आता साठी उलटून गेली आहेत. जी चाळिशीतली माणसे होती ती ऐंशीच्या पुढे, आणि त्यांतली दर पावसाळ्यात चारदोन कमी होतात. त्यांच्याजवळ लिहिलेले काही नाही. कोणाच्या ट्रंकेत निवाड्याची प्रत आहे, कोणाच्या खांद्याला लाठीची खूण आहे, कोणी बाई आपण पोलिसांच्या गाडीपुढे कशी आडवी झाले ते नातवंडांना आगरी बोलीत सांगते आणि ती नातवंडे मोबाइलवरून मान वर करीत नाहीत. आपल्या वर्गातील मुलांना एकेक वही द्या आणि त्यांना या म्हाताऱ्या-म्हाताऱ्यांकडे पाठवा. बोली सुधारून लिहू नका. जसे बोलतील तसे लिहू द्या. शेताची नावे विचारा, कारण प्रत्येक खाचराला नाव होते आणि ती नावे सातबाऱ्यावर नाहीत. मिठागरातल्या वाफ्यांना काय म्हणत ते विचारा. उघाडी कुठे होती ते आता कंपनीच्या भिंतीपलीकडे का होईना, बोटाने दाखवायला सांगा. जिथे जमीन अजून शेतकऱ्याच्या हाती आहे अशा गावांतील शिक्षकांनी मुलांना आपापल्या घरचा सातबारा आणून तो वर्गात वाचायला लावावा. शेवटच्या रकान्यापर्यंत, इतर हक्कांसकट.

आणि म्हातारी माणसे बोलायला लाजली, "आम्हाला काय विचारता, आम्ही अडाणी" असे म्हणाली, तर मुलांनी दिबांपासून सुरुवात करू नये. आधी त्यांना विचारावे, की आजोबा, तुमच्या गावाच्या बांधाला खांड पडली, की रात्री हाक कोण मारायचा? आणि घमेले घेऊन पहिल्यांदा कोण धावायचा?